नाव एकच, माणसे निराळी

(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी)

सौसर आणि सावनेर ही दोन गावे नागपूर-छिंदवाडा ह्या एकाच रस्त्यावर आणि एकाच रेल्वेमार्गावर आहेत. परगावच्या माणसाच्या कानाला दोन्ही नावे सारखीच लागतात. एक महाराष्ट्रात, दुसरे मध्यप्रदेशात. त्यातही सौसर पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, ते २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आले. म्हणून पत्त्यावर आपण गावाबरोबर जिल्हा लिहितो, आणि तोही नवा लिहितो. पांढुर्ण्यात जाम नदीच्या पलीकडे सावरगाव आहे, पण सावरगाव नावाची गावे विदर्भात ठिकठिकाणी आहेत, तेव्हा पाहुण्याला आपण "पांढुर्ण्याचे सावरगाव" असे सांगतो. मंडळीत दोन शांताबाई असल्या की एक "स्टेशनवाल्या" होतात आणि दुसऱ्या "शाळेतल्या". हे शहाणपण आपल्याजवळ आहेच. गावाच्या आणि शेजाऱ्यांच्या बाबतीत आपण ते रोज वापरतो; इतिहास शिकवताना मात्र नेमके विसरतो.

पवित्र शास्त्राच्या लेखकांनी ते विसरलेले नाही. नव्या करारात मरीया नावाच्या स्त्रिया कितीतरी आहेत. प्रभूची आई मरीया, मग्दाला गावची मरीया, बेथानीची मार्थेची बहीण मरीया, धाकट्या याकोबाची आई मरीया, योहान मार्काची आई मरीया. ह्या प्रत्येकीच्या नावाला लेखकाने गाव, बहीण किंवा मुलगा जोडून दिला आहे. बारा शिष्यांत याकोब दोन, म्हणून एक जब्दीचा मुलगा आणि एक अल्फीचा. यहूदा दोन, योहानाच्या चौदाव्या अध्यायात जो यहूदा प्रश्न विचारतो तो इस्कर्योत नव्हे, असे लेखक मुद्दाम नोंदवतो. त्या बिचाऱ्याला आयुष्यभर हा खुलासा करावा लागला असेल!

लेखकांनी एवढी काळजी घेऊनही पुढच्यांनी घोळ घातलाच. इ. स. ५९१ मध्ये रोमचा बिशप थोर ग्रेगरी ह्याने एका उपदेशात मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातील ती निनावी पापी स्त्री ह्या तिघी एकच, असे सांगून टाकले. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये हे मत शेकडो वर्षे चालले. चित्रकारांनी मग्दालीया मरीयेला रडणारी, केस मोकळे सोडलेली, पश्चात्ताप करणारी वेश्या म्हणून रंगवले. वास्तविक शुभवर्तमानात तिच्याविषयी एवढेच आहे की तिच्यातून सात भुते निघाली, तिने आपल्या पैशाने प्रभूची सेवा केली, ती वधस्तंभाजवळ उभी राहिली आणि पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी गेली. रोमन कॅथलिक चर्चने आपल्या १९६९ च्या सुधारित पंचांगात हा गोंधळ दूर केला. म्हणजे नावाच्या सारखेपणामुळे एका बाईच्या अब्रूला लागलेला डाग पुसायला जवळजवळ चौदाशे वर्षे लागली. तेव्हा आज जो विषय घेतला आहे तो केवळ करमणुकीचा आहे असे कोणी समजू नये.

आता वर्गात मुलांना तीन प्रश्न विचारून पाहावे. पुण्याच्या मिशनमध्ये जाऊन चहा घेतल्याबद्दल ज्यांच्यावर ग्रामण्य झाले ते टिळक कोणते? पुण्याचे सेवासदन काढणाऱ्या रमाबाई कोणत्या? आणि शारदा सदनात शिकलेल्या आनंदीबाई कोणत्या? मोठ्या वर्गातील मुलेच नव्हे, शिक्षकही पहिल्या प्रश्नाला "आपले रेव्हरंड टिळक" असे उत्तर देतात, दुसऱ्याला "पंडिता रमाबाई" आणि तिसऱ्याला "डॉक्टर आनंदीबाई". तिन्ही उत्तरे चुकीची आहेत.

प्रथम टिळकांचे पाहू. बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. दोघेही कोकणस्थ, दोघेही संस्कृतचे जाणकार, दोघेही संपादक: एकाचा "केसरी", आणि दुसऱ्यांकडे १९१२ पासून "ज्ञानोदया"च्या मराठी भागाचे संपादन. मृत्यूही थोड्याच अंतराने आला. नारायण वामन ९ मे १९१९ रोजी वारले, लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी. इतके जुळत असल्यावर मुलांचा घोळ झाला तर त्यांना दोष कसा द्यावा?

चहाची गोष्ट १८९० च्या ऑक्टोबरातली. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली होती. समारंभानंतर चहा-बिस्किटे आली. पुढे हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात एकच गहजब उडाला. त्या नावांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, त्याबद्दल सुधारक मित्र त्यांच्यावर रुष्ट झाले. नारायण वामन टिळक ह्या भानगडीत कोठेच नव्हते. त्या सुमारास ते नोकरीच्या शोधात फिरत होते. त्यांतला काही काळ त्यांनी आपल्या नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काढला. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार दिला. राजनांदगाव त्या वेळी मध्यप्रांतात होते, आज छत्तीसगडात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्यांवर जे प्रकरण शेकले, त्यानंतर पुरती पाच वर्षेही झाली नव्हती.

ती नावे छापून आणण्यामागे कोण होते, हे कळले म्हणजे तिसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. ते गोपाळराव जोशी. डॉक्टर आनंदीबाईंचे पती. मोठे विक्षिप्त गृहस्थ. पत्नीला शिकवण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले, तिला एकटीला सातासमुद्रापार पाठवले, आणि तिच्या मागे हे असले उद्योग केले.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना, आणि आडनाव माहेरीही जोशीच. नवव्या वर्षी लग्न झाले. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाल्या आणि मायदेशी परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने वारल्या. वय अवघे एकवीस. १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांनी त्यांच्यावर "आनंदी गोपाळ" ही कादंबरी लिहिली, त्याच नावाचा चित्रपट २०१९ मध्ये आला. त्यामुळे आज आनंदीबाई म्हटले की मुलांना ह्याच आठवतात.

शारदा सदनातल्या आनंदीबाई त्या ह्या नव्हेत. शारदा सदन मुंबईत उघडले तेव्हा डॉक्टरबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई नातू. ही देवरुखच्या जोश्यांची मुलगी, म्हणजे हिचेही माहेरचे आडनाव जोशी! लहानपणीच विधवा झालेली. पुढे तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई कर्वे झाल्या. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या कामामागे ह्या बाईंचे कष्ट किती होते हे त्यांच्या "माझे पुराण" ह्या आत्मकथेवरून कळते. ते पुस्तक आपल्या वाचनालयांत क्वचितच दिसते, पण मिळाले तर शिक्षकांनी जरूर वाचावे.

ह्यांत एक मौज आहे. डॉ. आनंदीबाईंची पदवी ११ मार्च १८८६ ची, शारदा सदन उघडले ११ मार्च १८८९ रोजी, आणि गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला ११ मार्च १८९३ रोजी. मुलांना तारखा पाठ होत नाहीत अशी तक्रार असते. ही एक तारीख तीन ठिकाणी उपयोगी पडेल.

तिसरी आनंदीबाई म्हणजे राघोबादादा पेशव्यांची पत्नी. नारायणरावाच्या १७७३ मधील खुनाच्या संदर्भात "ध"चा "मा" केल्याची आख्यायिका तिच्या नावावर आहे. खरे-खोटे देव जाणे. पण आनंदीबाई ह्या नावाला त्या गोष्टीने जो काळिमा लावला तो पुढच्या दोघींनी आपल्या कामाने धुऊन काढला, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

आता रमाबाई. हा विषय थोडा सावकाश घेतला पाहिजे, कारण "पंडिता रमाबाई रानडे" असे एक नसलेले नाव पुष्कळदा छापूनसुद्धा येते. अशी कोणी बाई झाली नाही. दोन स्त्रिया झाल्या, आणि त्या दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या.

पंडिता रमाबाई ह्या अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या. जन्म २३ एप्रिल १८५८. वडिलांनी संस्कृत शिकवले, दुष्काळाने आईबाप नेले, भावाबरोबर देशभर पायी हिंडून पुराण सांगत त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे १८७८ मध्ये विद्वानांनी त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य आले. त्याच वर्षी लहानग्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापला.

त्या समाजाच्या बैठकींना जाणाऱ्या स्त्रियांत न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई होत्या. ह्यांचे माहेर देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांचे, माहेरचे नाव यमुना. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्या रानड्यांच्या घरी आल्या आणि रमाबाई झाल्या. रानड्यांनी त्यांना घरीच शिकवायला घेतले. पण सभेला जाणे, इंग्रजी वाचणे हे घरातील वडील बायकांना मुळीच खपत नव्हते. दिवाणखान्यात नवऱ्याचा आग्रह आणि स्वयंपाकघरात सासरच्या बायकांचे टोमणे, ह्या कात्रीत त्या बाईने दिवस कसे काढले हे त्यांनी "आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी" ह्या १९१० च्या पुस्तकात सांगितले आहे. पुण्यात त्या वेळी मिस हरफर्ड नावाच्या मिशनच्या बाई होत्या. दोन्ही रमाबाईंना इंग्रजीचे धडे ह्या एकाच बाईंनी दिले. एकाच शहरात, एकाच काळात, एकाच शिक्षिकेच्या हाताखाली दोन रमाबाई! तेव्हाच्या पुणेकरांनी त्यांना वेगळे ओळखण्यासाठी काय केले? एकीला "पंडिताबाई" म्हटले, दुसरीला "वहिनीसाहेब". आपण मात्र दोघींची मोट बांधली.

पुढचा मार्ग दोघींचा वेगळा झाला. पंडिताबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. दोघींचे दूरचे नातेही होते. समारंभाला म्हणून गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या, गावोगाव बोलल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि बोस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्या मदतीतून शारदा सदन उघडले. ते १८९० मध्ये पुण्यास हलले. सदनाच्या सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे होते, म्हणजे एका रमाबाईच्या संस्थेला दुसऱ्या रमाबाईच्या यजमानांचा आधार होता. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून "केसरी"ने सदनावर टीकेची झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. कोणाची बाजू बरोबर ह्याचा निकाल येथे लावावयाचा नाही. पण त्यानंतर दोन्ही रमाबाईंची कामे कायमची वेगळ्या वाटांनी गेली हे खरे.

आपल्या भागाला पंडिताबाई परक्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या, मदतछावण्यांतून हिंडल्या आणि उपाशी मुली व बालविधवा शेकड्यांनी आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगावचे मुक्ती सदन ह्या मुलींमुळे भरले. शेवटच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

रमाबाई रानडे १९०१ मध्ये विधवा झाल्या. त्यांचे सार्वजनिक कार्य खरे म्हणजे त्यानंतरच फुलले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन निघाले. तेथे स्त्रियांना शिक्षण, शुश्रूषेचे काम, शिवणकाम शिकवून पायावर उभे केले जाई. १९२४ मध्ये त्या निवर्तल्या. २०१२ मध्ये "उंच माझा झोका" ही दूरदर्शन मालिका त्यांच्यावर आली, तेव्हा घरोघरी त्यांची ओळख झाली.

तिसऱ्या रमाबाई म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी. जन्म १८९८, विवाह १९०६, मृत्यू २७ मे १९३५. दारिद्र्यात संसार ओढला, मुले गमावली, पती परदेशी शिकत असताना घर सांभाळले. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. विदर्भात आणि आपल्या दोन तालुक्यांत "रमाई" म्हणून ज्यांच्या जयंतीचे फलक लागतात त्या ह्या. पंडिता रमाबाई नव्हेत. चौथ्या रमाबाई थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. एक रमाबाई पतीच्या चितेवर चढली आणि सव्वाशे वर्षांच्या आत दुसरी रमाबाई विधवांसाठी घर बांधीत होती. रमा आणि रखमा ह्यांतही गल्लत होते. लहानपणी झालेले लग्न नाकारून न्यायालयात गेलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या त्या रखमाबाई. त्यांच्या खटल्याविषयी पंडिताबाईंनी अमेरिकेतून कळवळून लिहिले होते, म्हणून दोघींची नावे एकाच पानावर सापडतात.

इतके एकसारखे नाव का? ह्याचे उत्तर वर आलेल्या यमुना, गोदू ह्या नावांत आहे. लग्न झाले की मुलीचे नाव बदलावयाचे ही आपल्याकडची जुनी रीत. सासरची माणसे शुभ म्हणून जी नावे निवडीत ती मोजकीच: लक्ष्मी, रमा, आनंदी, सरस्वती, पार्वती. शंभर मुलींची शंभर नावे पुसून त्यांवर आठ-दहा नावे लिहिली गेली. यमुना कुर्लेकर रमाबाई झाली, यमुना जोशी आनंदीबाई झाली. दोन यमुना लहानपणी भेटल्या असत्या तर त्यांना एकमेकींच्या नावाची मौज वाटली असती. मोठेपणी त्यांचे नाव एक होते हे कोणाच्या लक्षातही आले नसते.

ह्याहून नवलाची जोडी आपल्या घरातली आहे. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, "स्मृतिचित्रे" लिहिणाऱ्या. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका तांबे. काशीच्या त्याच घाटाचे नाव, आणि सासरी दोघींनाही तेच दुसरे नाव मिळाले. एकीने घोड्यावर बसून लढाई केली. दुसरीने नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षे स्वतःच्या मनाशी लढाई केली आणि १९०० मध्ये स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला.

पंडिता रमाबाई ह्या बाबतीत वेगळ्या. त्यांचे रमा हे नाव आईबापांनी ठेवलेले. लग्नाने ते बदलले नाही. वाँटेजला बाप्तिस्म्याच्या वेळी "मेरी रमा" असे नाव दिले गेले, पण ते "मेरी" आज किती जणांस ठाऊक आहे? बाप्तिस्म्याला नवे नाव देण्याची रीत आपल्या मंडळ्यांतही पुष्कळ चालली आणि त्यामुळेच एकेका गावात तीन-तीन मेऱ्या आणि चार-चार दानिएल झाले. ह्याबद्दल कोणी रागावू नये.

साहेबांच्या देशातही हा प्रकार आहे. अमेरिकेत जॉन ॲडम्स नावाचे अध्यक्ष १७९७ ते १८०१ मध्ये झाले. त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स १८२५ ते १८२९ मध्ये अध्यक्ष झाला. बुश पितापुत्रांचे तसेच, दोघेही जॉर्ज; फरक मधल्या अक्षरांचा. जॉन्सन नावाचे दोन अध्यक्ष झाले, अँड्र्यू आणि लिंडन. त्यांचे काही नाते नव्हते, पण दोघेही उपाध्यक्ष असताना अध्यक्षाचा खून झाल्यामुळे त्या जागी आले, एक १८६५ मध्ये लिंकननंतर आणि दुसरा १९६३ मध्ये केनेडींनंतर. एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा बरोबर शंभर वर्षांनी १९०८ चा. तिकडे मधले नाव महत्त्वाचे असते, आणि ते पुष्कळदा आईच्या माहेरचे आडनाव असते. जॉन फिट्झजेराल्ड केनेडी यांची आई फिट्झजेराल्डांची मुलगी. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांची आई डेलानोंची. आपल्याकडे मधले नाव बापाचे किंवा नवऱ्याचे. आईचे माहेर कोठेच उरत नाही. ह्याच फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर माहेरच्याही रूझवेल्टच होत्या, आधीचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची पुतणी. डॉ. आनंदीबाई जशा दोन्हीकडून जोशी, तशाच.

छिंदवाड्याची ल्यूथरन मंडळी स्वीडिश मिशनच्या कामातून उभी राहिली, म्हणून आपल्या भागातील मुलांना मार्टिन ल्यूथर हे नाव लवकर कळते, आणि मग ती विचारतात की हे अमेरिकेत गोळी लागून मेले काय? सोळाव्या शतकातील जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथर वेगळे. अमेरिकेतील निग्रो बांधवांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १९२९ चा, आणि जन्माच्या वेळी त्यांचे नाव मायकल होते. त्यांचे वडीलही मायकल किंग, बाप्टिस्ट पाळक. ते १९३४ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि त्या सुधारकाच्या आदराने त्यांनी स्वतःचे नाव मार्टिन ल्यूथर केले. मुलगाही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. धाकटे किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले आणि १९६८ मध्ये त्यांचा खून झाला. येथे नावाचे साम्य अपघाताने आलेले नाही; बापाने ते विचारपूर्वक निवडले.

अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात असाच एक घोटाळा होतो, तो ह्यूमसाहेबांचा. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईस आले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईतच जन्मले, १८७४ मध्ये मिशनरी होऊन परत आले आणि अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आयुष्य काढून १९२९ मध्ये वारले. रेव्हरंड टिळकांचे स्नेही ते हे धाकटे ह्यूम. आणि १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे इंग्रज सनदी अधिकारी, त्यांचा मिशनशी संबंध नव्हता. इंग्रजीत दोन्ही "ॲलन"चे स्पेलिंग वेगळे आहे. मराठीत लिहिले की तो फरकही जातो.

वर्गात हा पाठ घेताना शिक्षकांनी नुसती नावे सांगू नयेत. प्रत्येक नावाबरोबर माहेर, गाव आणि एक वर्ष फळ्यावर लिहावे. "रमाबाई, डोंगऱ्यांच्या, केडगाव, १८८९" आणि "रमाबाई, कुर्लेकरांच्या, पुणे, १९०९" एवढे पुरे आहे. मोठे चरित्र मागाहून येईल. मरीयांचा पाठ आधी घेतल्यास मुलांना रीत लवकर समजते, कारण शास्त्रात ती आयतीच आहे.

पुढील रविवारी मुलांनी घरून एक माहिती आणावी: आजीचे माहेरचे पहिले नाव. आडनाव नव्हे, पहिले नाव. फळ्यावर दोन रकाने करून एकात ते आणि दुसऱ्यात सासरचे नाव लिहावे. काही घरी ते कोणालाच सांगता येणार नाही. तेथे रकाना रिकामा ठेवावा, आणि मंडळीच्या जुन्या विवाह रजिस्टरात वधूचे नाव कसे लिहिले आहे हे पाळकसाहेबांना विचारून पाहावे.